घरटॅक्सचा कागद वाचला का?

दुपारचे दीड-दोन वाजले असतील. कुकर उतरवला होता. मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा शिवून पडला होता. तेवढ्यात दारातून हाक आली, "काकू, घर मोजायचं आहे. मालमत्ता कराचा सर्व्हे."

दोन पोरं होती. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात फॉर्म. आपल्याकडे उन्हातून कुणी आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो, मग प्रश्न-उत्तरं. मीही तेच केलं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. हे ड्युटीवर, मुलं शाळेत. पोरांनी भराभर मापं घेतली आणि एकेक विचारत गेले.

"ही समोरची खोली?"

"हे माझं शिलाईचं दुकान," मी म्हटलं. खरं सांगू का मैत्रिणींनो, थोडं तोऱ्यातच म्हटलं. पंधरा वर्षं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून मी मुलांच्या फिया भरल्या आहेत. त्या दहा बाय दहाच्या खोलीला मी नेहमी 'माझं दुकान'च म्हणते.

"वर कोण राहतं?"

"भाचीच्या मैत्रिणी आहेत, अभ्यासाला."

हे उत्तर खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. भाचीच्या ओळखीने दोन मुली स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी राहतात आणि महिन्याच्या महिन्याला भाडं देतात. पोराने मान डोलावली, काहीतरी लिहिलं. "इथं सही करा काकू." मी केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. कुकर निवत होता ना!

काही महिन्यांनी नोटीस आली. पाकिटावर नाव सासऱ्यांचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. सासूबाईंनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, "ह्यायच्या नावानं आलं वो? ह्यायले कोन सांगनार आता?" आम्ही दोघी हसलो. नंतर आकडा पाहिला आणि हसू थांबलं. समोरच्या खोलीपुढे 'वाणिज्य' असा शब्द होता.

त्या एका शब्दाने मला घरटॅक्स कसा ठरतो ते शिकावं लागलं. तोवर बिल आलं की यांनी भरायचं आणि पावती फाइलला लावायची, एवढंच मला माहीत. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, पण हा हजारांचा कागद कधी नीट वाचला नव्हता.

तर ऐका. महानगरपालिकेच्या हद्दीत हा कर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली लागतो. म्हणजे जुना १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, त्याचंच नाव पुढे बदललं. आपली अमरावती महानगरपालिका १९८३ साली झाली, अकोल्याची २००१ साली. कर बसवायच्या रीती कायद्यात दोन आहेत. एक भांडवली मूल्याची, म्हणजे घराची किंमत किती ते पाहून. मुंबईने २०१० पासून ती घेतली. दुसरी जुनी रीत भाड्याची. हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला रास्त भाडं किती आलं असतं, त्यावर कर.

आता कुणीही विचारेल, घर आपलं, राहतो आपण, मग भाड्याचा हिशेब कशाला? मलाही तोच प्रश्न पडला. ही पद्धत इंग्रजांची. त्यांच्याकडे गावातल्या गोरगरिबांच्या मदतीसाठी घरांवर पट्टी बसायची, आणि १८३६ च्या त्यांच्या कायद्यात 'वर्षाला रास्तपणे किती भाडं येईल' हेच माप धरलं होतं. साहेब गेला, पण माप ठेवून गेला.

हे अपेक्षित भाडं काढायला महापालिका शहराचे भाग पाडते आणि भागाप्रमाणे, बांधकामाप्रमाणे दर ठरवते. स्लॅबच्या घराला एक दर, विटा-टिनाच्या घराला त्याहून कमी, माती-कवेलूच्या घराला आणखी कमी. राहण्यासाठी वेगळा, धंद्यासाठी वेगळा. राजापेठेसारख्या ठिकाणी मुख्य रस्त्यावर ओळीने दुकानं आहेत आणि दोन गल्ल्या आत गेलं की जुनी राहती घरं. अशा ठिकाणी कोणती खोली कशात धरली, यावर सगळं अवलंबून असतं.

हिशेब करून पाहू. यातले दर मी समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. समजा ५०० चौरस फुटांचं घर आणि महिन्याला फुटामागे २ रुपये भाडं धरलं. महिन्याचे झाले १,०००, वर्षाचे १२,०००. यातून दुरुस्तीपोटी सरसकट १० टक्के वजा होतात, ते कायद्यातच आहे. उरले १०,८००. याला म्हणतात करयोग्य मूल्य. बिलावर हा आकडा असतो, पण आपण नेमका तोच सोडून खालची बेरीज पाहतो. या मूल्यावर सगळ्या करांचे मिळून समजा ४० टक्के लागले, तर कर झाला ४,३२०.

आता याच घरातली शंभर फुटांची एक खोली धंद्याची म्हणून लिहिली आणि तिचा दर २ च्या ऐवजी ६ रुपये धरला. महिन्याला ४०० वाढले, वर्षाला ४,८००, त्यातून दहा टक्के वजा जाता ४,३२०, आणि त्याचे ४० टक्के म्हणजे १,७२८ रुपये. 'दुकान' या एका शब्दाचे. तेही दरवर्षी!

मापाचंही तसंच. आपण फुटात बोलतो, कागदावर बरेचदा चौरस मीटर असतात. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. आमच्या घराचा चौरस मीटरमधला आकडा पाहून मला वाटलं, वा, कमीच धरलं की! मुलाने मोबाइलवर गुणाकार करून दाखवला तेव्हा कळलं, बरोबरच होतं. उगीच तक्रार केली असती तर फजिती झाली असती.

बिलात एकच कर नसतो हेही मी आत्ताच पाहिलं. सामान्य कर असतो, वृक्ष कर, अग्निशमनाचा कर, सांडपाण्याचा, आणि राज्य सरकारचा शिक्षण कर. हा शिक्षण कर महापालिका गोळा करून सरकारला देते. धंद्याची जागा असेल तर त्यावर रोजगार हमीचाही कर लागतो, म्हणजे माझ्या 'दुकाना'ला तोही आला असता. आपल्या अमरावतीत पाणी अप्पर वर्ध्याचं आणि ते पुरवतं जीवन प्राधिकरण, म्हणून पाण्याचं बिल वेगळं येतं. ते या बिलात शोधत बसू नका.

नोटिशीकडे परत येते. घराचं मूल्य पहिल्यांदाच ठरवलं किंवा आधीपेक्षा वाढवलं, तर घरमालकाला लेखी विशेष नोटीस द्यावी लागते, असा नियम आहे. तिच्यात आक्षेप घ्यायची मुदत लिहिलेली असते. ही तारीख म्हणजे सगळं काही. मुदतीत लेखी आक्षेप दिला तर सुनावणी होते. नाही दिला, तर पुढे कितीही आरडाओरडा करा, 'तेव्हा का नाही बोललात?' एवढाच प्रश्न येतो. आणि कर आकारणीच्या पुस्तकात आपल्या घराबद्दल काय लिहिलंय ते फुकट बघायचा, उतरवून घ्यायचा हक्क घरमालकाला आणि घरात राहणाऱ्यालाही आहे. मी तो वापरला. एका ओळीत आमचं अख्खं घर होतं. खोल्या, मापं, छत, वापर, सगळं. खाली माझी सही. चूक कुणाच्या पदरात टाकू? मीच 'दुकान' म्हटलं, त्याने तेच लिहिलं.

हे म्हणाले, "जाऊ दे ना, भरून टाकू." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एखादा ओळखीचा बघा." मी दोन्ही केलं नाही. साधा अर्ज लिहिला. समोरची खोली आमची बैठक आहे, रात्री मुलं तिथंच झोपतात, बोर्ड नाही, रस्त्याकडे शटर नाही, नोकर नाही, विजेचं मीटर घरगुती आहे. घरी बसून शिवण करते एवढंच. सोबत वीजबिल आणि खोलीचे चार फोटो जोडले. अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. बायकांनो, ही शिक्क्याची प्रत सोन्यासारखी जपा. तीच नसेल तर अर्ज दिला होता हे कशावरून?

तारखेला गेले. सासूबाई हट्टाने सोबत आल्या. "घर माहं हाय, मी येतो," म्हणाल्या. तिथं पहिलाच प्रश्न आला, "अर्जदार कोण? नोटीस तर यांच्या नावे आहे."

"ते माझे सासरे, वारले."

"मग तुमचा संबंध?"

काय सांगू? सून. सुनेचा सासऱ्याच्या घराशी काय संबंध लावतात कागदावर? तीस वर्षं त्या घराची फरशी मी पुसते आहे, पण कागदात मी कुठेच नव्हते. सासूबाई पुढे झाल्या. "मी हाय ना त्यायची बायको. लिहा माहं नाव." अर्जावर त्यांची सही घेतली तेव्हा काम पुढे सरकलं. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, पण अक्षर मात्र चौथीच्या पुस्तकातल्यासारखं गोल.

शिवणाबद्दल साहेबांनी दोन-चार प्रश्न विचारले, फोटो पाहिले. माणूस पाठवून पुन्हा पाहणी करू म्हणाले. मग कागदावरून नजर न उचलता विचारलं, "आणि वर कोण राहतं?"

त्या क्षणी सासूबाईंनी माझा पदर ओढला. घरून निघताना त्यांनी बजावलं होतं, "नातलग हायेत म्हन." आणि मी खरं सांगते, जीभ तिकडेच वळत होती. पण हातात माझाच अर्ज होता. त्याच्या खाली लिहिलं होतं, 'वरील माहिती खरी आहे.' एका खोलीबद्दल खरं धरायचं आणि दुसऱ्या खोलीबद्दल खोटं, हे माझ्याच्याने झालं नाही. म्हटलं, "दोन मुली आहेत, भाडं देतात." किती, तेही सांगितलं.

बाहेर आल्यावर सासूबाई रिक्षात बसेपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काऊन सांगितलं वो तू?" मी काय बोलणार! पाहणी झाली, समोरची खोली राहण्याची धरली गेली. वरची खोली भाड्याची म्हणून लागली. जिथे खरोखर भाडं येतं तिथे तेच धरून हिशेब होतो. एकीकडे कमी झालं, दुसरीकडे वाढलं. वजाबाकी करून पाहिली तर आमचा टॅक्स आधीच्या वर्षीपेक्षा जास्तच आला. हे अजून अधूनमधून टोमणा मारतात. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, पण भाडं तर दर महिन्याला मीच मोजून घेते.

निकाल पटला नसता तर दिवाणी न्यायालयात अपील करता येतं. त्याला पंधरा दिवसांची मुदत असते आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे भरून भांडायचं, न भरता नाही. आणि बिल थकलं तर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. महिन्याला! वर्षाचे किती होतात ते बचत गटातल्या बाईला मी सांगायला नको.

एकट्यादुकट्याचं सोडा, अख्खं शहरही भांडतं. अकोल्यात २०१७ साली मालमत्तांची फेरमोजणी होऊन कर वाढला, तेव्हा लोक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. २०१९ मध्ये तिथे ती वाढ रद्द ठरली आणि मग महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. वर्षानुवर्षं दर हलवायचे नाहीत आणि एकदम उडी मारायची, यात दोन्ही बाजूंची ओढाताण होते असं मला वाटतं. रस्त्यावरचा दिवा आणि नालीची सफाई याच पैशातून होते, हेही खरं. 'मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांना माफ, मग आपल्याला का नाही?' हा प्रश्न आमच्या भिशीत दर वेळी निघतो. २०२२ सालचा तो निर्णय फक्त मुंबई महापालिकेपुरता होता, आपल्याला लागू नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी मात्र राज्याची सवलत २०२० पासून आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर तिला चौकशी करायला सांगा.

दर्यापूर, अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर अशा नगरपालिकांच्या गावी कायदा वेगळा, १९६५ चा. तिथे दर चार वर्षांनी फेरमूल्यांकन होतं, म्हणजेच ती 'चतुर्थ वार्षिक' आकारणी. यादी लागते, आक्षेप मागवतात. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, आणि डिसेंबर २०१५ च्या नियमांपासून तिथे कर भांडवली मूल्यावर लागतो.

या नमुना ८ वरून एक गोष्ट सांगायलाच हवी. २००३ साली सरकारने निर्णय काढला होता की गावातल्या घरावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लावायचं. 'घर दोघांचे' म्हणत त्याला. त्याआधी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'तून शेतीत बायकांच्या नावाचा विषय गावोगावी नेला होता. माहेरी, खेड्यात, माझ्या वहिनीचं नाव असं घरावर लागलं आहे. मी शहरात राहून नोटिशीच्या पाकिटावर मेलेल्या माणसाचं नाव वाचत होते.

म्हणून आता नावाचं काम काढलं आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, घराची रजिस्ट्री, भरलेल्या टॅक्सची शेवटची पावती असे कागद मागितले. यांना वाटत होतं, आपलं एकट्याचं नाव लावलं की झालं. पण सासऱ्यांचे वारस म्हणजे सासूबाई, हे आणि दोन्ही नणंदा. मुलींचाही हक्क आहेच. मी म्हटलं, सगळ्यांचीच नावं देऊ, सासूबाईंचं पहिलं. थोरल्या नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "वहिनी, सही कशाची घेता? घर तर नाही ना नावावर करून घेत?" तिचा राग नाही आला. अशा सह्यांनी किती बहिणींची घरं गेली आहेत! तिला सगळे कागद पाठवले, वाचून मग सही कर म्हटलं.

तिला एक गोष्ट नीट सांगितली, तुम्हालाही सांगते. टॅक्सच्या पावतीवर नाव आहे म्हणून कुणी मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून हक्क जात नाही. मालकीसाठी रजिस्ट्री आणि आखीव पत्रिका पाहतात. जागा नझुलची असेल तर तिचे कागद आणखी वेगळे. कर भरला म्हणून विनापरवाना बांधलेली खोलीही कायदेशीर होत नाही. पण नोटीस ज्याच्या नावाने येते तोच बोलू शकतो, असं तिथे टेबलासमोर उभं राहिलं की कळतं. अकरा वर्षं आमच्या घराच्या वतीने बोलायला कागदावर कुणी नव्हतंच.

थोरलीची सही होऊन कागद परत आला आहे. धाकटी सुरतला असते, ती दिवाळीत येईल तेव्हा तिची होईल. तोवर या सहामाहीचं बिलही सासऱ्यांच्याच नावाने आलं. सासूबाईंनी ते देवाजवळ ठेवलं होतं. मी ते उचलून करयोग्य मूल्याच्या रकान्यावर पेन्सिलने खूण केली, भरून आले आणि पावती त्यांच्याच हातात दिली.